खेचरवाली मागं

व्हय वो, काश्मीरलाच गेलते. न्हाय, देवीला न्हाय. बोटीत बसून फोटू काढायला तर न्हायच न्हाय. आमच्या शिवाजी पेठेतल्या समद्या बायका हेच इचारतात, म्हणून एकदाच हितं लिवून टाकते. राजारामपुरीत क्लास लावून टायपिंग शिकले, त्याचा कायतरी उपेग व्हायला पायजे की.

द्रासला गेलते. कारगिलच्या लढाईत आमचे मालक तिथंच गेले, त्याला नऊ वर्षं झाली. ते बंदूकवाले न्हवते. खेचरांच्या पलटणीत होते. डोंगरावर जिथं ट्रक चढत न्हाय तिथं पाणी, रॉकेल, पुऱ्या, गोळ्यांच्या पेट्या खेचराच्या पाठीवर घालून वरच्या जवानांना पोचवायच्या, हे त्यांचं काम. मलकापूरजवळ आमचं गाव, घरटी एक फौजी. पण आनंदराव फौजेत काय करतोय म्हणून कुणी इचारलं आणि खेचरं हाकतोय म्हटलं, की बाया तोंडाला पदर लावायच्या.

मला तिथं जाऊन एकच इचारायचं होतं. ज्या दिवशी गोळा पडला, त्या दिवशी मालक रांगेत पुढं होते का मागं? सरकारी कागदात तेवढं लिवलेलं न्हवतं. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण एवढं लांब जातंय, असं माझी जाऊ म्हणाली. का जातंय ते शेवटी सांगते. मधीच उडी मारून खाली बघू नका.

संगट होते गडहिंग्लजकडचे शिवलिंगअण्णा आणि त्यांची बायको गौरव्वा. अण्णा मालकांच्याच पलटणीत होते, त्या दिवशी त्याच रांगेत होते. नऊ वर्षं हा माणूस माझ्या दारात आला न्हवता. यंदा आपणहून पत्र आलं, की अक्का, जागा दावतो, चला.

कोल्हापूर ते दिल्ली गाडीत दोन रात्री जातात. जाणार असाल तर खालचा बर्थ घ्या आणि खर्डा घरनं न्या, पुढं नुसतं फिकं खायचंय. गौरव्वानं ज्वारीच्या कडक रोट्या बांधून आणलेल्या, डबाभर.

"ही रोटी हाय का कौल?" मी म्हटलं.

"चाव की अक्का. दात असले तर."

बाई माझ्या जोडीची निघाली. तिला चिडवत चिडवत दिल्ली आली, मग जम्मू. जम्मूत उकाड्यानं जीव जातोय, फसू नका, स्वेटर पिशवीत वरच ठेवा. जम्मू ते श्रीनगर एस्टीसारखी बस, सारा दिवस. अण्णा मात्र कोल्हापूर सोडल्यापासनं धा शब्द बोलले नसतील. मी म्हटलं, तुमाला घुंगरू बांधायला पायजे, हाय का न्हाय तेवढं तरी कळंल. हसले न्हाईत.

श्रीनगरहून द्रासला वाटून सुमो मिळती. माणशी भाडं आधी ठरवून घ्या, आणि सोनमर्ग वेळेत सोडा, कारण पुढं झोजिला घाटात गाड्या एका वेळी एकाच बाजूनं सोडतात. घाट म्हंजे आपला आंबा घाट न्हवं. रस्ता न्हायच, नुसता चिखल, आणि खिडकीतनं खाली बघितलं तर पडलेल्या ट्रकची चाकं दिसतात, काडेपेटीएवढी. गौरव्वा डोळं मिटून शिवा शिवा करत होती. मी तिला म्हटलं, एकदा डोळं उघड, निदान कुठं मरतोय ते बघून घे. तिनं मला चिमटा काढला. ड्रायवरला आमची भाषा येत न्हवती पण त्यो हसला.

द्रासला राजमा-भात खाल्ला आणि स्मारकावर गेलो. भिंतीवर नावं हायती. मालकांचं नाव सापडायला येळ लागला, मी बोट फिरवत फिरवत गेले. सापडलं तवा मी म्हटलं, बघा, हितंबी गर्दीतच उभं राहिलाय. रडू आलं न्हाय. लोक बघत होते, बाई रडंल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमाला गावाबाहेर एका नाल्याकडं घेऊन गेले. समोर नुसता दगडाचा डोंगर, झाड म्हणून न्हाय. त्यावर एक पांढरी रेघ वर गेलेली. ती खेचरांची वाट. तिथं बसल्यावर अण्णांचं तोंड उघडलं.

एका माणसाकडं तीन खेचरं. खेचराला नाव नसतंय, खुरावर नंबर असतोय. आधी जनावर पाणी पिणार, मग माणूस चहा पिणार, हा पलटणीचा नेम. पलीकडच्या तोफा दिसंल त्यावर मारायच्या, म्हणून उजाडायच्या आत वर पोचायचं. खेचर पाय मोडून पडलं तर वझं आपल्या पाठीवर. आणि परत येताना मोकळं यायचं न्हाय. वर मेलेली पोरं खेचरावर आडवी बांधून खाली आणायची.

"वर पाणी, खाली माणसं," अण्णा म्हणाले. "दोरीची गाठ तीच, अक्का."

गौरव्वानं माझा हात धरला. तिलाबी हे पयल्यांदाच कळत होतं.

मग अण्णा एकदम हसले. म्हणाले, आनंदनं नेम मोडला होता, आपल्या खेचराला नाव ठेवलं होतं. हौसा. म्हंजे माझं. मी म्हटलं, घ्या, तिकडंबी वझं माझ्याच पाठीवर. अण्णा म्हणाले, तुमचा उखाणा तर अख्ख्या पलटणीला पाठ होता, खेचरं लादताना आमी म्हणायचो. आणि त्यांनी म्हणून दावला:

"बंदूकवाली पलटण पुढं, खेचरवाली मागं,
आनंदरावांचं नाव घेते शेपटीच्या संगं."

नऊ वर्षांनी ऐकला. हळदीकुंकवात घेतलेलं नाव, मीच पत्रात लिवून धाडलेलं. पत्र आलं तवा मालकांनी समद्यांना वाचून दावलं, लई हसले, असं अण्णा म्हणाले. मी म्हटलं, आणि मग?

"मग गप बसला," अण्णा म्हणाले.

मी इचारलं, "त्या दिवशी ते पुढं होते का मागं?"

अण्णांनी टोपी काढली. पुढच्या खेचरासंगं जाणारा माणूस पाळीनं बदलायचा, कारण वाट कुठं तुटलीया ते आधी त्याच्याच पायाला कळायचं. त्या दिवशीची पाळी अण्णांची होती. त्यांना लेक झाल्याची तार आली होती. मालक म्हणाले, तू बाप झालायस, आज मी जातो पुढं. गोळा पडला तो पुढच्या खेचरावर.

"माझी पाळी होती, अक्का," अण्णा म्हणाले. "कुठल्या तोंडानं तुमच्या दारात येणार होतो?"

गौरव्वा रडत होती. अण्णा माझ्या पायाला हात लावायला वाकले. मी पाय मागं घेतला. पिशवी उचलली आणि वाटेला लागले. परत येताना घाटात गौरव्वाला चिडवलंबी न्हाय. तिला वाटलं मला घाट लागला.

आता घरी येऊन महिना झाला. लोक इचारतात काय आणलंस. अक्रोड आणले, ते वाटले. सांध्यात तिथला गारठा बसलाय तो हाय. शेजारी हळदीकुंकू झालं, नाव घ्यायचा गलका भिंतीतनं ऐकला. माझ्यासारखीला कुणी नाव घ्यायला सांगत न्हाय.

शिवलिंगअण्णा, तुमच्या थोरल्या लेकीला हे वाचून दावायला सांगते. जे तिथं बोलायचं होतं ते हितं लिवते.

मालकांची ट्रंक फौजेनं घरी धाडली, तिच्यात माझं तेच पत्र होतं. पाठीमागं त्यांच्या हातानं लिवलेलं: "उद्या पुढच्या खेचरासंगं मी जाणार, साहेबाकडनं पाळी मागून घेतलीया. आता नवा उखाणा तयार ठेव." तुमची तार त्यांना निमित्त झाली, अण्णा. त्यांनी पाळी तुमच्यासाठी घेतली न्हाय. नऊ वर्षं मला म्हाईत होतं, फकस्त खरंच पुढं गेले का तेवढं बघायला तिथं आले होते. मागं असते तर मी सुटले असते.

आणि तो उखाणा थट्टेचा न्हवता. समद्यांना थट्टा वाटली, मी वाटू दिली. मला त्यांची लाज वाटायची.