उजेड कुठून पडतो

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा अंधेरीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर गेमसाठी प्रोग्रॅम लिहायचे. पडद्यावरच्या वस्तूवर उजेड कुठून पडतोय, त्यावरून तिच्या एकेका ठिपक्याचा रंग ठरवायचा, हे माझं काम. घरी, पापडीला, वडील ते थोडक्यात सांगत, "कॉम्प्युटरवर लाइटिंग करते."

डोंबिवलीहून मंडळी मला बघायला आली, त्यांनाही हेच सांगितलं.

"गणपतीत मागणी असेल," मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले.

आईने सुकेळीची, उन्हात वाळवलेल्या गोड केळ्यांची, बशी पुढे केली. "दाखव ना त्यांना."

मी कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर मातकट रंगाचा एक गोळा आला. माउसने दिवा उजवीकडे नेला, तशी ती बाजू उजळली. मुलगा खुर्ची ओढून पुढे आला. "डावीकडे एवढं काळं का?"

"तिकडे दिवा पोचत नाही. खोलीत पसरलेला उजेड थोडा मिसळला की बरं दिसतं." मी तसं करून दाखवलं. तो खूश झाला. मलाही तो आवडला, खोटं कशाला सांगू?

त्याची आई मात्र आता गोळा सोडून माझ्याकडे बघत होती. "फोटोत उजळ दिसत होतीस गं."

"काकू, स्टुडिओवाल्याने समोरून दोन मोठे दिवे लावले होते. इथे एकच ट्यूब, तीही माझ्या पाठीमागे."

"मग खरा रंग कुठला?"

बाईंनी नेमका मुद्दा पकडला, असं मला वाटलं. मी उत्साहाने समजावलं, की नुसता रंग कुणालाच दिसत नाही, दिसतं ते रंग आणि दिवा मिळून. हवं तर दिवा बदलून दाखवते. आईने माझ्या पायावर पाय दिला.

आठवड्याने निरोप आला, पत्रिका जुळत नाही. खरं तर पत्रिका जुळली म्हणूनच ते आले होते. आई माझ्याशी बोलेना. बोलली तेव्हा एवढंच, "दिवा बदलते म्हणे!"

पुढे एकदा त्या मुलाचा फोन आला. मी सावरून बसले. त्याने आधी माफी मागितली, मग विचारलं, "तुमच्या कंपनीत जागा आहे का?"

होती. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसू लागला, त्याला सावल्यांचं काम मिळालं. अडलं की मला विचारायचा. घरीही सांगत असणार, कारण त्याच्या आईने 'ऑफिसातल्या त्या हुशार मुलीसाठी' अळूवड्या पाठवायला सुरुवात केली. ती मुलगी कोण, हे त्याने आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. वड्या फार छान असायच्या. मी खात असे.