फळ्यावर राहिलेला शब्द

परीक्षेच्या फॉर्मच्या रांगेत होते. मैत्रिणीचा फोन आला, "साळवे सर वारले गं." मी रांगेतून बाहेर आले. काय करावं कळेना, म्हणून परत रांगेत जाऊन उभी राहिले... त्याला सहा आठवडे झाले. मन अजून तसंच आत-बाहेर करतंय.

सर आमच्या चिकलठाण्यातल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालवायचे. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. इंग्रजीची धास्ती होती. सर फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहून कुणाला तरी नेमून द्यायचे. "अर्थ मोबाइलबी सांगतो. त्याचा जन्म सांग," म्हणायचे. ज्यानं मूळ शोधलं त्यानंच शब्द पुसायचा, असा नियम. 'प्रिकेरियस' माझ्या वाट्याला आला. चार दिवस मी टाळलं. "काय मॅडम, शब्द म्हातारा झाला की फळ्यावर!" मी वैतागून म्हटलं, "सांगून टाका ना सर." ते हसले. "मागून घेतलेलं देणारा कवाबी काढून घेतो. शोध." मला तो टोमणा वाटला. रागानं दोन दिवस गेलेच नाही... आणि तिसऱ्या दिवशी तो फोन.

अंत्यविधीनंतर अभ्यासिकेतला जाड शब्दकोश काढला. अस्थिर, बेभरवशाचा, हा अर्थ ठाऊक होता. मूळ लॅटिन निघालं: प्रार्थना, विनवणी. विनवून मिळालेलं, देणाऱ्याची मर्जी असेपर्यंतच आपलं... म्हणजे सरांनी उत्तर देऊन टाकलं होतं, मलाच ऐकू आलं नाही. अठरा वर्षं ते कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनमध्ये नवा अर्ज, नव्यानं हात जोडणं. एकदा विचारलं होतं, "सर, यंदा घेतलं का?" "घेतलं. पुढच्या वर्षाचं नाय माहीत." हा शब्द त्यांनी सहज निवडला होता की... आता कुणाला विचारू? सापडलं म्हणून सांगू तरी कुणाला?

नियमानं तो मीच पुसायला हवा. रोज डस्टर उचलते, खाली ठेवते. बाकीचे नव्या शब्दाची वाट बघतात.

काल चितेगावच्या कंपनीतली पाळी संपवून आमच्या वस्तीतली सुनीता पहिल्यांदाच अभ्यासिकेत आली. फळ्याकडं बघत म्हणाली, "ताई, हा शब्द काय हाय वो? सांगा की."

उत्तर ओठांवर आलं होतं.

"सांगणार नाही," मी म्हटलं. "शोध. सापडलं की तूच पुस."

तिनं शब्द वहीत उतरवून घेतला. मी शब्दकोशाचं कपाट दाखवलं, आणि डस्टर तिच्या बाकावर ठेवलं.