फ्रिजवर चिकटवलेला माझा सल्ला

"मिस, यू फेल्ड मी अगेन," मैथिली म्हणाली आणि पेपर माझ्या टेबलावर ठेवून दिला.

"मी कुठे नापास केलं? लेखनात एक लेव्हल कमी पडली."

"सेम थिंग."

सेम थिंग नव्हती. पण गुरुवारी सहाव्या तासाला बारा वर्षांच्या मुलीशी वाद घालण्याची ताकद माझ्यात उरलेली नसते.

मी दुबईतल्या एका खासगी शाळेत ईएएल कोऑर्डिनेटर आहे. आमच्या शाळेत सगळं इंग्रजीत चालतं. ज्या मुलांच्या घरची भाषा दुसरी आहे, त्यांना काही तास वर्गातून काढून जादा इंग्रजी शिकवायचं, हे माझं काम. शिकवणं त्यातल्या त्यात सोपं. 'आता पुरे, हिला इंग्रजी आलं' हे ठरवणं अवघड. त्याला आम्ही एक्झिट म्हणतो. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही गोष्टींत पाचवी लेव्हल हवी. शिवाय तीन विषयांच्या वह्या बघायच्या आणि वर्गशिक्षकांची नि सेक्शन हेडची सही घ्यायची. घाईने सोडलं तर मूल वर्गात गटांगळ्या खातं आणि कोणाला सांगतही नाही.

आणि उशिरा सोडलं तर काय होतं, ते मैथिलीला विचारा. जादा तास कुठल्यातरी विषयातूनच काढावा लागतो. अरबी सक्तीचं, त्याला हात लावता येत नाही. गणिताचे सर तास सोडत नाहीत. राहिलं सायन्स. म्हणजे आठवड्यातले सायन्सचे दोन तास ती माझ्यासमोर बसायची, आणि तिला जगात आवडायचं ते फक्त सायन्स. जूनमध्ये पुढच्या वर्षीचे सायन्सचे गट ठरणार होते. वरच्या गटात ईएएलची मुलं घेत नाहीत. म्हणजे तिच्या हातात एकच टेस्ट उरली होती, टर्मच्या शेवटची.

आमची सेक्शन हेड नादिया लेबनॉनची. तिला कामं पटापट संपवायला आवडतात.

"हबीबती, मी त्या मुलीला कॉरिडॉरमध्ये ऐकलंय. माझ्यापेक्षा फास्ट बोलते. खलास, सही कर."

"बोलतेच ती. लिहिलेलं बघ."

प्रश्न होता, उन्हाळ्यात सकाळी खिडकीची काच बाहेरून ओली का असते? मैथिलीने इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली होती. काच ओली आहे. बाहेर गरम आहे. आत एसी चालू आहे. तिन्ही वाक्यं खरी, पण लिफ्टमधल्या अनोळखी माणसांसारखी, एकमेकांकडे न बघणारी.

इथे थोडं धंद्यातलं सांगते. मैदानावरचं इंग्रजी मुलांना भराभर येतं. 'कारण', 'म्हणून', 'असं असलं तरी' वाली पुस्तकी भाषा यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. पण हळूहळू का होईना, ती पुढे सरकते. मैथिलीची मात्र दोन वर्षं जिथल्या तिथे होती.

"मग कदाचित भाषेचा प्रश्नच नसेल," नादिया म्हणाली. "लर्निंग सपोर्टकडे पाठवू या?"

"आधी आईवडिलांना भेटते," मी म्हणाले. एवढी तरतरीत मुलगी, आणि तिला शिकायलाच अडचण आहे म्हणायचं, हे मला पटेना.

मैथिलीचे वडील, कदम, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पंपांच्या फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला आहेत. कामावरून थेट आले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. बरोबर मैथिलीची आई, वैशाली. दोघं सांगलीकडचे, म्हणून मी सरळ मराठीत सुरुवात केली.

"नो प्रॉब्लेम मॅडम, वुई विल टॉक इन इंग्लिश," कदम म्हणाले.

वैशालीताई पर्सच्या चेनशी चाळा करत होत्या. मी त्यांनाच विचारलं, "मैथिली घरी तुमच्याशी काय काय बोलते?"

त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कम, ईट, स्लीप, होमवर्क डन? एवढंच होतंय मॅडम. मला त्याच्या पुढचं येत नाही."

"आणि मराठीत?"

"मराठीला बंदी आहे घरात."

कदमांनी अभिमानाने मोबाईल पुढे केला. त्यांच्या फ्रिजचा फोटो होता. फ्रिजवर लॅमिनेट केलेला कागद, फॅक्टरीतल्या सूचनेसारखा. घरात फक्त इंग्रजी बोलावे. खाली ॲडमिशनच्या दिवसाची तारीख, आणि त्याखाली 'ईएएल मॅडम यांच्या सूचनेनुसार'.

"ह्या ईएएल मॅडम कोण?" मी विचारलं. शाळेत ईएएल मॅडम एकच आहे.

"तुम्हीच की, मॅडम," कदम पहिल्यांदाच मराठीत म्हणाले.

मला काहीही आठवत नव्हतं. पण मी म्हटलं असणार. ॲडमिशनच्या दिवसांत एकामागून एक कुटुंबं येतात, आणि प्रत्येकाला निघताना मी म्हणायची, "घरी जमेल तेवढं इंग्रजी बोला हं." निघालेल्या पाहुण्याला आपण "जेवून गेला असतात" म्हणतो ना, तसं. त्यावर कोणी ताट मांडून बसत नाही. पण कदमांचा सगळा दिवस जातो दिलेल्या सूचना पाळल्या जातात की नाही हे बघण्यात. बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी दोन वर्षं तसूभरही ढिलाई केली नव्हती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'कारण' म्हणायची सवय पुस्तकातून लागत नाही. ती लागते घरात हुज्जत घालताना, शाळेतली भांडणं आईला रंगवून सांगताना. ह्या मुलीने दोन वर्षं घरात एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. आणि एक बाई दोन वर्षं स्वतःच्या स्वयंपाकघरात मुकी झाली होती, माझ्या एका वाक्यापायी.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "तो कागद काढा."

कदम गोंधळले. "मग आता प्रोसीजर काय?"

"रोज अर्धा तास मैथिलीने त्या दिवशीचा सायन्सचा धडा आईला मराठीत समजावून सांगायचा. मग तोच इंग्रजीत लिहायचा. माझ्याकडे असते तेव्हा जो तास बुडतो, त्याच्या नोट्स मी सायन्सच्या मॅडमकडून आणून देते."

"पण मला सायन्स कुठं येतंय?" वैशालीताई म्हणाल्या.

"नाही येत तेच बरं. तुम्ही फक्त 'का?' आणि 'कशावरून?' एवढंच विचारत राहा."

त्या पहिल्यांदा हसल्या. "तेवढं येतंय की!"

"आणि इंग्लिश बिघडलं तर?" कदमांनी विचारलं.

"तर मी जबाबदार." म्हणाले खरी, पण तेवढी खात्री मलाही नव्हती. टेस्टला दहा आठवडे होते. पुन्हा लेव्हल चुकली असती तर वरचा गट गेला, आणि कदमांना तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

नादियाला सांगितलं. तिने भुवया उंचावल्या. "मराठीत बोलून इंग्लिश सुधारणार? इन्शाल्ला." उद्यापासून वेळेवर येतो म्हणणाऱ्या पालकांना ती ज्या सुरात इन्शाल्ला म्हणते, त्याच सुरात.

पहिले दोन आठवडे लिखाणात काही फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात मैथिली तणतणत आली.

"मिस, माय मदर इज इम्पॉसिबल! शी आस्क्स व्हाय फॉर एव्हरीथिंग!"

मी चेहरा गंभीर ठेवला. आतून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

मराठी तिची गंजली होती. बाष्प वगैरे शब्द माहीतच नव्हते. 'हवेतलं न दिसणारं पाणी' म्हणून ती काम भागवायची. माझी काही तक्रार नव्हती. समजल्याशिवाय असं सांगता येत नाही.

मग मे महिन्यात बाल्कनीच्या काचेवरून मायलेकींचं जुंपलं. वैशालीताईंचं म्हणणं, एसी गळतोय, मेंटेनन्सवाल्याला बोलवा. मैथिली म्हणे, ते पाणी बाहेरच्या हवेतलं आहे. "कशावरून?" आईने विचारलं. मुलीने दोन टिश्यू घेतले, एक काचेच्या आतून फिरवला, एक बाहेरून. आतला कोरडा, बाहेरचा चिंब. आई तेवढ्यावर गप्प बसते होय! "मग आपल्या सांगलीला का नाही होत असं?" झालं, मैथिली पुन्हा विचारात.

हे सगळं मला तिच्या वहीतून कळलं, इंग्रजीत, दीड पान. काच एसीमुळे गार असते, म्हणून बाहेरची दमट हवा तिला लागली की पाणी होतं. लोकांना वाटतं एसी गळतोय, पण तसं नसतं, कारण आतला टिश्यू कोरडा होता. शेवटचं वाक्य होतं, 'माझ्या आईला हे अजून पूर्ण पटलेलं नाही.' स्पेलिंगच्या चार चुका होत्या. मी ते पान तीनदा वाचलं.

टेस्टमध्ये विषय वेगळाच आला, उन्हाळ्यात शाळा लवकर सुरू करावी का. आपल्या मुलांचे पेपर आपण तपासायचे नाहीत, असा नियम आहे. बरं आहे ते. दुसऱ्या शाखेतल्या बाईंनी तपासला. लेखन, लेव्हल पाच.

नादियाने टेस्टचा निकाल बघितला, मग वही चाळली. "हाऊ?"

"तिची आई," मी म्हणाले. तिने सही केली. सायन्सच्या मॅडमनी मैथिलीला वरच्या गटात घेतलं, मात्र पहिली टर्म बघू म्हणून. मीही दोन टर्म तिच्या वह्या बघणार आहे. एक्झिट दिली म्हणून मी मोकळी होत नाही.

एक्झिटच्या कागदावर सही करायला तिघंही आले. ह्या वेळी वैशालीताईच बोलत होत्या. शेजारीण, सांगली, एसी, मेंटेनन्सवाला, सगळं. कदमांना मध्ये तोंड घालायला फट मिळेना. शेवटी त्यांनी मोबाईल माझ्यापुढे सरकवला. फ्रिजवर नवा कागद होता, तोही लॅमिनेट केलेला. रिव्हिजन दोन. शाळेत इंग्रजी, घरात मराठी. आणि खाली, सूचना देणार: वैशाली कदम.

 मी चष्मा पुसत बसले.

"मिस, कॅन आय गो?" मैथिली म्हणाली. "सायन्स हॅज स्टार्टेड." आणि उत्तराची वाट न बघता गेली.

ॲडमिशनच्या मीटिंगा मी अजून घेते. आता सांगते, घरी तुमच्या भाषेत बोला, भरपूर बोला, मुलांना हुज्जत घालू द्या. एखाद्याच्या खिशात दोन पेनं दिसली, तर तेच पुन्हा एकदा सावकाश सांगते. कोण घरी जाऊन लॅमिनेट करेल, नेम नाही.