बांबूच्या जागी आलेले दांडे

प्रगत साहित्य माणसाला त्याच्या मातीपासून तोडत नाही, उलट तिच्याशी अधिक घट्ट जोडतं. हे वाक्य नवनवी मटेरियल्स बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर आहे. लिहिलं मी. लिहिताना मी बडोद्यात एसीत बसले होते आणि माझी माती डहाणूला होती.

घर सोडलं ते तलासरीच्या हायवेवरून. आईला तिथल्या बाजारात सुकी मासळी विकायला जायचंच होतं, म्हणून मला पोचवायला वेगळी फेरी पडली नाही. बस आली तेव्हा ती गिऱ्हाइकाशी भाव करत होती. मान वर न करता म्हणाली, "पोचलीस की फोन कर. उचलला नाय तर हात ओले असतील."

तुम्ही जे तिकडे किनाऱ्यावरच राहिलात त्यांना बोंबील वाळवायची वलांडी सांगायला नको. जे माझ्यासारखे गेलात, त्यांची मुलं विचारतील म्हणून सांगते. खांबांवर आडवे बांबू बांधायचे, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूवर टाकायची. बांबूला पेरं असतात. वारा सुटला तरी जोडी पेरापाशी अडते.

आमच्या प्रयोगशाळेने बांबूऐवजी कंपोझिटचे, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनवलेले दांडे काढले. कुजत नाहीत, झाडं वाचतात, किनाऱ्यावरच्या बायकांचं उत्पन्न वाढतं. पृष्ठभाग इतका गुळगुळीत की काही चिकटत नाही. मी आमच्या साहेबांना म्हटलं, "बोंबील सरकतील. खाचा पाडायला हव्यात." ते म्हणाले, "थई जशे, बेन. डहाणूना लॉटमां खाचा हशे." होऊन जाईल, डहाणूच्या मालात खाचा असतील, या भरवशावर मी आईला फोन करून नवे दांडे येतायत म्हणून सांगितलं. जुने बांबू ठेवायला अंगणात जागा नव्हती. माझ्या शब्दावर तिने ते फोडून चुलीत घातले.

दांडे आले ते आरशासारखे. उद्घाटनाला हार, नारळ आणि मंडप होता. फोटो निघाले. पाहुणे परतले आणि दुपारी वारा सुटला. सगळ्या जोड्या सरकत एका टोकाला गेल्या. आई त्या पुन्हा पसरायची, त्या पुन्हा जायच्या. बाजूला एक बाई हवी होती फक्त बोंबील ढकलायला. ढिगाचे वरचे सुकले, आतले कुजले. नवे बांबू मिळेपर्यंत ऐन हंगामातला माल खताला गेला.

साहेबांना विचारलं तर म्हणाले, खाचांमुळे खर्च वाढत होता, तुम्हाला कळवायचं राहिलं. कंपनीच्या अहवालात आईचा उद्घाटनाचा फोटो आहे. खाली 'समाधानी लाभार्थी'. वर माझं वाक्य.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "साहेबाला मी वळकत नाय, बाय. बांबू मी तुझ्या सांगण्यावर जाळले."

पूर्वी मी आत आले की ती न बघता सांगायची, चहा ठेव. आता मी गेले की ती हात धुते, खुर्ची पुसते आणि विचारते, "चहा घेणार का?" घर म्हणजे काय, हे मला त्या प्रश्नाने कळलं. आपल्याला असं विचारत नाहीत, ते घर.

दांडे अंगणात अजून आहेत. त्यांवर चादरी वाळतात. चिमटे लावावे लागतात.