पालथा कप

चहा पुरे झाला की नलू कप बशीवर पालथा घालायची. ‘नको’, ‘बास’ असं काही म्हणायची नाही. अमेरिकेत ॲन आर्बरला शिकताना आम्ही दोघी भाड्याच्या एका घरात राहायचो. तिथे बशा नव्हत्या, नुसते मग होते. नलूने जुन्या सामानाच्या दुकानातून दोन बशा आणल्या, त्या एवढ्याच कारणासाठी. मी पत्रकारिता शिकत होते. पालथा कप दिसला की मी विचारायचे, “का गं? आवडला नाही? बरं वाटत नाहीये का?”

“कपाने सांगितलं ना? मग मला कशाला बोलायला लावतेस?”

नलिनी मूळची साताऱ्याची. शिक्षण संपल्यावर तिला एका हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियांचं चित्रीकरण करायचं काम मिळालं. मी मिशिगनमधल्या एका दैनिकात लागले आणि नगर परिषदेच्या बैठकांच्या बातम्या लिहू लागले. काही वर्षांनी नलू लॉस एंजेलिसला गेली. तिथे दोन मैत्रिणींबरोबर एक गोदाम भाड्याने घेऊन तिने स्टुडिओ काढला. प्रौढांसाठीच्या, म्हणजे उघड कामक्रीडेच्या फिल्म्स तिथे तयार व्हायच्या. मोठ्या कंपन्यांचा पैसा त्यात नव्हता. व्हिडिओ कॅसेट पोस्टाने विकल्या जायच्या. पटकथा तिघी मिळून लिहायच्या आणि कॅमेरा नलूकडे असायचा.

“ऑपरेशनमध्ये माणूस बेशुद्ध असतो, त्याला काही विचारता येत नाही,” ती मला फोनवर म्हणाली होती. “इथे सगळे जागे असतात. मग विचारायला काय जातं?”

ओळखीच्या मराठी घरांमध्ये ही बातमी हळूहळू पसरली. एकदा श्रूजबरी गावी एका मराठी कुटुंबाकडे गणपतीच्या जेवणात एका काकूंनी तिला विचारलं, “नलू, तू फिल्म प्रॉडक्शनमध्ये आहेस ना? डॉक्युमेंट्रीज का?”

“नाही काकू, अ‍ॅडल्ट्स ओन्ली,” नलू वरण वाढता वाढता म्हणाली. “तुम्हाला डिस्काउंट देते.”

सगळ्यात आधी काकूच हसल्या. निघताना त्यांनी नलूला मोदक बांधून दिले. मी तेव्हा पहिल्या पानावर नाव येणारी वार्ताहर होते. मला कोणी काही विचारलं नाही आणि बांधूनही दिलं नाही.

तो स्टुडिओ मी एकदाच पाहिला. सेटच्या दाराशी एक टेबल होतं. त्यावर चहाचा मोठा थर्मास आणि बशांवर मांडलेले कप. प्रत्येक कपावर नावाची पट्टी. कलाकार असो, दिवे धरणारा असो, ज्याला थांबावंसं वाटेल त्याने आपला कप पालथा घालायचा. कॅमेरा लगेच बंद. त्या माणसाला त्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळायची आणि कारण कोणी विचारायचं नाही. नवीन माणूस आला की नलू त्याला एकच गोष्ट शिकवायची : “‘चालेल का’ हे शंभरदा विचार. ‘का नको’ हे एकदाही नाही.”

कपांचा हा नियम मला तेव्हा माहीत नव्हता. सकाळी लवकर येऊन मी त्या टेबलाजवळ बसले. कप कालचेच होते, खरकटे. बसल्या बसल्या मी ते विसळले आणि आपल्या घरी निथळायला ठेवतात तसे टेबलावर सगळे पालथे घातले. लोक येत गेले. टेबल पाहून प्रत्येक जण शांतपणे बाजूला जाऊन बसला. कोणी पुस्तक काढलं, कोणी डुलकी घेतली. दुपार झाली तरी दिवे लागेनात. शेवटी मीच विचारलं, “शूटिंग का थांबलंय?”

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी असभ्य बोलले होते. नलूने कप पाहिले, माझ्या ओल्या बाह्या पाहिल्या आणि ती भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “अगं बाई, तू माझा अख्खा स्टुडिओ विसळून ठेवलास!”

त्याच संध्याकाळी मी तिला म्हटलं, “मला तुझ्यावर लिहायचंय. मोठा लेख, रविवारच्या पुरवणीत. संपादकांशी बोललेय मी.” नलूने चहा संपवला आणि कप पालथा घातला. “का नको?” मी विचारलं. विमानतळावर पोचेपर्यंत मी तो प्रश्न वेगवेगळ्या प्रकारे विचारत राहिले. मला तेच शिकवलेलं होतं.

पुढे कॅसेट गेल्या, मग डिस्क गेल्या, इंटरनेटवर सगळं फुकट मिळू लागलं. बरेच छोटे स्टुडिओ बंद पडले. नलूचा वर्गणीदारांवर टिकला. तिच्याकडे काम केलेल्या मुलींनी स्वतःचे स्टुडिओ काढले आणि कपांचं टेबल सोबत नेलं. अशी टेबलं साध्या चित्रपटांच्या सेटवरही दिसू लागली. ती वापरणाऱ्या बऱ्याच जणांना नलूचं नाव माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं लिहिलेल्या बातम्यांमुळे नगर परिषदेची एक बैठकही वेगळ्या पद्धतीने झाल्याचं मला आठवत नाही. आमच्या दैनिकाची छपाई बंद झाली आणि मी घरी बसले.

त्याच सुमाराला माझी मुलगी इरा ॲन आर्बरच्या विद्यापीठात चित्रपटांच्या इतिहासावर संशोधन करू लागली. विषय तिने मला सांगितला नाही. तो मला नलूच्या फोनवरून कळला. नलूचा स्टुडिओ. जुन्या टेप, पत्रव्यवहार, मुलाखती, नलूने तिला सगळं दिलं होतं. इरा सुट्टीत तिच्याकडे राहून आली. तिथून ती चांगलं मराठी बोलायला शिकून परतली. माझ्याशी ती इंग्रजीतच बोलायची.

“मला सांगायचंस तरी,” मी म्हटलं. “मुलाखत कशी घ्यायची ते मी शिकवलं असतं.”

“आई, प्लीज. इट्स नॉट अबाउट यू.”

मला हेवा वाटला. नेमका कोणाचा, ते ठरवता येईना. जो विषय मला मिळाला नाही तो मुलीला मिळाला होता, आणि जी मुलगी मला कधी उलगडली नाही ती नलूजवळ मोकळी झाली होती.

नलू आजारी असल्याचं इराने मला उशिरा सांगितलं. मी गेले तेव्हा नलू घरीच पलंगावर होती. गालफडं वर आलेली, आवाज मात्र तोच.

“विचार,” ती म्हणाली. “विमानभर घोकत आली असशील.”

“इराला का दिलंस? मला का नाही?”

“ती आली त्या दिवशी मी दोन मिनिटांत कप पालथा घातला. मुद्दाम. पोरीने रेकॉर्डर बंद केला आणि माझी भांडी घासून दिली. संध्याकाळी मीच बोलायला लागले, ते चार दिवस थांबले नाही.” तिने दम घेतला. “तू हुशार आहेस गं. पण तुझ्यासमोर गप्प बसलं की चौकशी सुरू होते.”

“तो माझा धंदा होता.”

“घरीसुद्धा?”

थोड्या वेळाने मी तिला चहा पाजला. अर्धा राहिला. कप तिने स्वतःच पालथा घातला.

तिच्या अंत्यविधीहून परतल्यावर काही महिन्यांनी इराने मला तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण वाचायला दिलं. कपांची हकिकत त्यात आहे. ‘एका पाहुणीने’ सगळे कप धुऊन पालथे घातले आणि अर्धा दिवस काम थांबलं, असं लिहिलंय. पाहुणीचं नाव दिलेलं नाही. त्या स्टुडिओच्या इतिहासात माझी नोंद आहे ती एवढीच.

गेल्या रविवारी इरा घरी आली. चेहरा उतरलेला होता. मी चहा केला. तिने दोन घोट घेतले आणि कप बशीवर पालथा घातला. प्रश्न माझ्या ओठावर आला. काय झालं, कुणी काही बोललं का, नोकरीचं काही आहे का. मी उठले, पातेलं घासलं, ओटा पुसला. पुसून झालेला ओटा पुन्हा पुसला.

बऱ्याच वेळाने माझ्या पाठीमागून ती मराठीत बोलू लागली. मी वळले नाही, मध्ये एक शब्दही बोलले नाही. सगळं सांगून झाल्यावर ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्यावर तिने डोकं टेकवलं.

“आई,” ती म्हणाली, “आज तू अगदी नलूमावशीसारखी वागलीस.”