ट्यूबातलं दही

ऑपरेशनला नेण्यासाठी रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात दादाला खोलीबाहेर काढलं, तेव्हा त्यानं चादरीखालून उजवा हात काढून माझ्यापुढे धरला. घरातून कुठंही निघताना आम्ही भावंडं असाच हात धरत आलो. त्यावर दही पडायचं, ते चाटायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. पण आदल्या रात्रीपासून त्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही जायचा नव्हता. मी नर्सकडे पाहिलं, तिनं मान हलवून नाही म्हटलं. दादा हळूच म्हणाला, "बेबी, ट्यूबातलं दे." मला तशातही हसू आलं. मी दोन बोटं त्याच्या रिकाम्या तळहातावर टेकवली. त्यानं हात तोंडाशी नेऊन चाटल्यासारखं केलं, डोळा मिचकावला... आणि लिफ्टची दारं मिटली. तो परत आला नाही. त्याला आता दीड महिना होईल.

ट्यूबातलं म्हणजे काय, हे सांगायला बरंच मागं जावं लागेल. दादा, म्हणजे सुधाकर, माझा थोरला भाऊ. नागपुरात सक्करदऱ्याला आमचं घर, वडील लवकर गेलेले, दादा शाळेत मास्तर. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटकाच्या तालमी. मला नोकरी लागली आणि त्याच महिन्यात या गृहस्थानं पक्क्या नोकरीचा राजीनामा देऊन मुंबईला नट व्हायला जायचं ठरवलं. आईनं आकांडतांडव वगैरे काही केलं नाही, नुसतं बोलणं बंद केलं. निघायच्या दिवशी दादा दाराशी हात पुढे करून उभा राहिला. दही विरजलेलं होतं, वाटी भरलेली मी पाहिली होती, पण आई चुलीपुढून उठली नाही. तो बराच वेळ थांबला. मग काहीतरी लागलं असावं तसा हात पँटला पुसला आणि ट्रंक उचलून निघाला. पुढे तो दर दिवाळीला यायचा. आई त्याच्यासाठी पाटोडीचा रस्सा करायची, आग्रह करकरून वाढायची, आणि त्याची निघायची वेळ झाली की नेमकी देवघरात जाऊन बसायची. त्याविषयी दोघं अवाक्षर बोलत नसत. हट्ट ही आमच्या घरची वडिलोपार्जित इस्टेट.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे टीव्ही आला आणि पाठोपाठ दादाची मालिका आली. हिंदी, अंतराळातली. दूरच्या कुठल्याशा ग्रहाकडे निघालेलं यान, त्यात पाच-सहा माणसं, आणि त्यांतला एक आमचा दादा, डोक्यावर भलंमोठं हेल्मेट घालून. सारी गल्ली आमच्या बैठकीत सतरंजीवर जमायची. पण मालिका म्हणजे नुसता तमाशा. थर्माकोलच्या भिंती हलायच्या, हिरवी माणसं ओरडत यायची, सगळे एकमेकांवर लाल-निळे किरण सोडायचे. शेजारचे ढोमणे काका पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "हे यान हाय का कूलर? खसच्या ताट्या लावाच्या राह्यल्या फक्त." लोक पोट धरून हसले. मीही हसले, आणि आत कानकोंडीही झाले. आई टीव्हीपुढे कधी आली नाही. ती स्वयंपाकघरातून फक्त ते हसणं ऐकायची. एकदा भांडी आपटत म्हणाली, "याच्यासाठी सोडली मास्तरकी."

असे काही आठवडे गेले आणि मग तो भाग लागला. त्यात हिरवी माणसं नव्हती, किरण नव्हते. यान बंद पडलेलं, दिवे गेलेले, एका मेणबत्तीएवढ्या उजेडात सगळे बसलेले. बाहेर जाऊन कोणीतरी दुरुस्ती करायची, आणि जाईल त्याला परत यायला हवा पुरेल की नाही याची खात्री नाही. बस, एवढंच. माणसं बोलत होती, मध्येच गप्प होत होती. त्या मालिकेला पहिल्यांदाच आपण काय सांगायला निघालोय ते कळलं होतं. ढोमणे काका बोलायचे थांबले. दादा उठला, म्हणाला मी जातो. आणि पहिल्यांदाच त्याचं हेल्मेट काखेत होतं, चेहरा दिसत होता.

बैठकीतलं हसणं थांबलं म्हणून आई कणकेच्या हातांनी दारात आली. "काहून चूप झाले सारे?" पडद्यावर दादानं दाराशी थांबून उजवा हात पुढे केला. त्या यानात जेवण ट्यूबांतून मिळायचं. सोबत्याला क्षणभर काही कळेना, मग त्यानं खिशातली ट्यूब त्या तळहातावर पिळली. दादानं ते चाटलं, हेल्मेट घातलं आणि बाहेर गेला. भाग संपला तरी कोणी उठेना. "आता काय होते गा त्याचं?" कोणीतरी पुटपुटलं. आई म्हणाली, "हात मोकळा नाही गेला. येते तो." पुढच्या आठवड्यात तो खरंच आला. त्या दिवशी आई सतरंजीवर सगळ्यांत पुढे होती. मालिकाही मग तशीच शहाण्यासारखी चालली.

उन्हाळ्यात दादा घरी आला. जेवताना आईनं ताटाकडे पाहतच विचारलं, "त्या ट्यूबात काय होतं रे?"

"काही नव्हतं वं आई. रिकामी होती. मले स्क्रिप्टात नुसतं बाहेर जायाचं होतं, हात आपोआपच पुढं झाला."

"मंग चाटलं काहून?"

"तू देल्लं असं समजलो."

तो मुंबईला परत निघाला तेव्हा आई देवघरात गेली नाही. स्टीलची छोटी वाटी घेऊन दाराशी उभी राहिली, आणि इतकं दही घातलं की ते दादाच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तो रडत रडत हसत होता. तेव्हापासून ती वाटी दाराजवळच्या खिडकीतच असते. आई गेल्यावर, आणि दादा-वहिनी कायमचे नागपूरला परतल्यावर, ती वहिनीच्या हाती आली.

सुतकाच्या घरातून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही, दारापर्यंत पोचवायलाही कोणी येत नाही. ते सारे दिवस मी तशीच मुकाट्यानं चपला घालून निघायचे आणि खिडकीकडे बघायचं टाळायचे. मागच्या रविवारी वहिनीकडे गेले होते. निघताना सवयीनं चपलांत पाय घातले, तोच मागून वहिनीची हाक आली, "बेबीताई, अशा काहून चालल्या? हात करा."

खिडकीतली वाटी तिच्या हातात होती. दही जरा आंबट झालं होतं. मी सगळं चाटलं आणि म्हणाले, "येते."