पलीकडच्याचं पान

आमच्या गावात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजर असतो. शिपाई म्हणून गेला आणि शिपाई म्हणूनच आला, तरी मेजर. माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, हवालदार होऊन आले. रस्त्याने निघाले की दहा जण ‘राम राम मेजर’ म्हणतात. सुरुवातीला दोन-चार वर्षं त्यांनी लोकांना ‘मेजर न्हाई, हवालदार’ असं सांगून पाहिलं, मग कंटाळून सोडून दिलं. मी त्यांचा थोरला मुलगा, कर्जत तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. इतिहास! माझं मलाच हसू येतं.

सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी पितरांची पानं मांडतात. आजोबांचं, आजीचं, आई गेल्यापासून आईचं, आणि शेवटी एक पान जरा बाजूला, भिंतीकडे. सगळ्यांना वाढतात तेच त्यालाही वाढायचं. गवारीची भाजी, कढी, वडे, खीर, सगळं. लहानपणी मी आईला विचारलं होतं की हे कुणाचं. ती चुलीपासून न उठता म्हणाली, “फौजेतल्या मानसाचं हाय. जा, कावळं आलं का बघ.” तेवढ्यावर माझं भागलं. फौजेतला माणूस म्हणजे आण्णांचा मित्र, आणि पान मांडतात म्हणजे तो मेलेला. म्हणजे लढाईत शहीद झालेला मित्र. गणित सरळ होतं. आण्णांना विचारायची हिंमत नव्हती. एकाहत्तरच्या लढाईचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जायचे, आणि गोठ्यात गेले की तासभर यायचे नाहीत.

पुढे मी मास्तर झालो आणि मास्तरला गोष्ट लागते. दहावीच्या वर्गात एकाहत्तरचा विषय निघाला की मी ती सांगायचो. दर वर्षी थोडी वाढवायचो. आधी नुसता मित्र होता. मग तो आण्णांच्या शेजारच्या खंदकात आला. मग त्याने आण्णांच्या अंगावर येणारी गोळी स्वतःच्या छातीवर घेतली. शेवटी शेवटी तर त्याने आण्णांच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला आणि ‘माझ्या आईला सांग’ असं म्हणाला. पोरी डोळे पुसायच्या. मला बरं वाटायचं. लाज कशाशी खातात हे तेव्हा मला ठाऊकच नव्हतं.

त्याच वर्गातला माझा एक जुना विद्यार्थी आता मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवतो. मागच्या वर्षी पितृपक्ष सुरू झाला तसा त्याचा फोन. “सर, मेजरांची गोष्ट अजून तोंडपाठ हाय मला. सर्वपित्रीला येतो, व्हिडिओ करू. लोकं रडतील बघा.” मी ये म्हणालो. उलट म्हणालो, लवकर ये, म्हणजे ऊन चांगलं मिळेल.

आण्णांना मी नीट सांगितलंच नाही. “एक पोरगा बातमी करायची म्हणतोय, दोन शब्द बोला,” एवढंच. त्यांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले. मी म्हटलं, पदकं लावा. ते म्हणाले, “पितरांच्या दिवशी बिल्लं कशाला? लगीन हाय का माझं?”

पोरगा आला. तीन पायांचा स्टँड, केसाळ बोंड्याचा माईक, सगळं घेऊन. ते बघून शेजारपाजारचे जमले, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य आले, पंधरावीस माणूस अंगणात उभं राहिलं. पानं मांडून झाली होती. पोरग्याने माईक आण्णांच्या तोंडापुढे धरला आणि माझी गोष्ट माझ्याच शब्दांत म्हणून दाखवली. शेवटी आवाज कातर करून म्हणाला, “मेजर, त्या मित्रानं तुमच्या मांडीवर प्राण सोडला, तो क्षण सांगा.”

“कुनाच्या मांडीवर?” आण्णा म्हणाले.

“तुमच्या.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी फुलांच्या माळेशी चाळा करत होतो.

“मित्र न्हवता त्यो,” आण्णा म्हणाले. “पलीकडचा हुता. पाकिस्तानचा. मीच मारला त्याला.”

 आणि ज्या माणसाने आम्हाला पन्नास वर्षांत चार वाक्यं सांगितली नाहीत, तो बोलायला लागला.

“उसाचं रान हुतं. आपल्यासारकंच. कडंला कॅनॉल आन् त्याच्यावर मोरी. मोरीमागं त्यो एकटा मशीनगन घिऊन बसल्याला. त्याची मानसं मागं सरत हुती, आन् ह्यो आमाला फुडं येऊ देत न्हवता. सकाळपासून दुपारपातुर. आमची तीन पोरं गेली त्याच्यापायी. मला लई राग. आयमायवरून शिव्या घातल्या मी त्याला. मग बाजूच्या चारीतनं सरपटत गेलो आन् गोळी घातली. जवळ जाऊन बघतो तर एका पायात बूट, दुसऱ्याला नुसत्या चिंध्या. पाय आधीच गेल्ता त्याचा. चालता येत न्हवतं, म्हून त्यानंच मागं ऱ्हायचं कबूल केलं आसंल. सुभेदारसायबांनी खड्डा खांदून घेतला आन् आमाला रांगंत उभं करून सलाम ठोकाय लावला. समद्यांनी ठोकला. मी न्हाई ठोकला. माझी तीन पोरं पडली हुती थितं, मी हात न्हाई उचलला. सायेब काय बोलले न्हाईत.”

ते भिंतीकडच्या पानाकडे वळले. 

“मग माझा बा गेला. पैल्या वर्साला त्याचं पान मांडलं, तवा ह्याची आठवन झाली. त्यांच्यात आसलं नसतंय, मला ठावं हाय. पर आपल्यात हाय ना. मी मारला, मग त्याचं बघायचं कुनी?”

एवढं साधं होतं ते. आज मी ते लिहितोय आणि मला वाटतं, यापेक्षा शहाणं बोलणं मी आयुष्यात कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. पण तेव्हा मला काय ऐकू आलं सांगू? मागून कुणीतरी फिस्सकन हसलं ते. “मेजरनी पाकिस्तानी पितर केला की!” आणि ग्रामपंचायतीचा एक सदस्य हसला नाही, ते. तो म्हणाला, “पाकड्याला आपल्या पितरांच्या पंगतीला? आन् व्हय सर, तुमी तर शाळंत येगळंच सांगत हुता.” तीन-चार मोबाईल वर झालेले दिसले. संध्याकाळपर्यंत हे तालुकाभर जाणार, शाळेच्या ग्रुपवर येणार, संस्थेत कुणी तरी विचारणार, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून एका दमात गेलं. आणि माझी वीस वर्षांची थापही उघडी पडत होती.

मी हसलो. हो, हसलो. पोरग्याचा माईक हाताने खाली केला आणि म्हणालो, “मनावर घेऊ नका. आण्णांचं वय झालंय. अलीकडं मधूनच काहीबाही बोलतात, एकाचं एक करतात. डॉक्टरांना दाखवलंय आम्ही.”

कसले डॉक्टर! आण्णांनी उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी पाहिली नव्हती. पण अंगणातल्या माणसांनी सुटकेचा निःश्वास सोडला. “होतंय, होतंय,” म्हणाले. “आमच्या म्हाताऱ्याचंबी असंच झाल्तं.” सदस्य तर माझ्याबद्दल हळहळला. मग पोरगा म्हणाला, “सर, तुम्हीच सांगा की दोन शब्द.” आणि मी सांगितलं. भिंतीकडच्या त्या पानाशेजारी उभं राहून, कॅमेऱ्यात बघून, मित्र, खंदक, मांडी, सगळं सांगितलं. आण्णा तिथेच होते, हाताच्या अंतरावर. मी पूर्ण सांगेपर्यंत ते उभे राहिले, मग घास घेऊन कावळ्यांना घालायला गच्चीवर गेले.

रात्री बायको म्हणाली, “चांगल्या माणसाला वेडं ठरवलंत. आता निस्तरा.” मी तिच्यावर खेकसलो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

माफी मागायची होती. रोज ठरवायचो. आण्णा सकाळी ओट्यावर चष्मा लावून पेपर वाचायचे, अगदी बाजारभावापासून निधनवार्तेपर्यंत, आणि मी त्यांच्या समोरून गाडी काढून शाळेत जायचो.  ते रागावले नाहीत, अबोला धरला नाही. ‘गाडीत पेट्रोल हाय का’ म्हणून नेहमीसारखं विचारायचे. त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर मी सुटलो असतो.

व्हिडिओ गावभर फिरला. त्याहून जास्त फिरलं ते माझं ‘आण्णांचं वय झालंय’ हे वाक्य. लोक आण्णांशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. “मे-जर, जेव-लात का?” एकदा एस.टी.च्या थांब्यावर उभे होते, तर कुणीतरी हात धरून त्यांना घरी आणून सोडलं आणि मला म्हणालं, “सर, एकटं सोडत जाऊ नका.” ते निघाले होते नगरला, पेन्शनच्या कागदांसाठी. त्या दिवशी ते नगरला गेलेच नाहीत. माजी सैनिकांच्या बैठकीला बोलवायचे, तेही बंद झालं.

आमच्या गावचा बाजार गुरुवारी. दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवशी मला सुट्टी होती. आण्णांनीच सकाळी हाक मारली, “ऊठ की, आज गुरवार. उशीर केला की मेथी ऱ्हात न्हाई.” आम्ही दोघं गेलो, मेथी घेतली, वांगी घेतली, आणि चहाच्या हॉटेलात टेकलो. समोरच्या बाकावर तोच सदस्य, आणखी तिघं-चौघं. आण्णा मला उसाच्या भावाबद्दल सांगत होते, त्या दिवशीच्या पेपरात आलेलं.

सदस्याने बाकीच्यांना डोळा मारला. “मेजर,” तो मोठ्याने म्हणाला, “आज वार कोनचा, सांगा बरं?”

“आरं, नको रे,” एक जण हसत म्हणाला. सगळे आण्णांच्या तोंडाकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हे याची खेटरानं पूजा करणार. खरं सांगतो, मला ते हवं होतं. त्यांनी सांगावं, गुरुवार आहे, तिथीही सांगावी, आणि वर पाच पिढ्यांचा उद्धार करावा.

आण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. तेवढंच. मग बशीत चहा ओतला आणि म्हणाले,

“शनवार असंल.”

बाक हसून हसून हलला. सदस्याने उठता उठता माझ्या खांद्यावर थाप मारली. “सर, लई करता बुवा तुमी मेजरचं. आजकाल कोन करतंय येवढं?”

“करावं लागतं,” मी म्हणालो.